नाव कोण ठरवणार?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताला एक वाक्यरचना लवकरच बसते. आधी वस्तूचे नाव, मग एक टिंब, मग त्या वस्तूने करायच्या कामाचे नाव आणि शेवटी कंस. उदाहरणार्थ, चौकोन.क्षेत्रफळ(). या कामाला त्या परिभाषेत मेथड म्हणतात. मेथडचे नाव येथे आज्ञावलीच्या ओळीत उघड लिहिलेले असते. ते वाचणाऱ्याला दिसते आणि कंपायलरलाही दिसते.

बहुतेक प्रचलित भाषांत याखेरीज दुसरी एक वाट ठेवलेली असते. मेथडचे नाव अवतरणचिन्हांत घालून, म्हणजे साध्या अक्षरमालेच्या रूपात, एखाद्या चलात साठवायचे आणि आज्ञावली चालू असताना "या वस्तूची या नावाची मेथड चालव" असे सांगायचे. रूबी भाषेत यासाठी 'सेंड' आहे, पायथनमध्ये 'गेटअ‍ॅटर' आहे, जावात 'इन्व्होक' आहे. व्हिज्युअल बेसिकच्या १९९८ सालच्या सहाव्या आवृत्तीत तर या सोयीचे नावच 'कॉलबायनेम' असे होते.

ही सोय विद्यार्थ्यांना फार आवडते. दहा ओळींचे काम एका ओळीत होते, आणि ती ओळ चमत्कारासारखी दिसते. शिक्षकांनी ती शिकवावी की नाही, आणि शिकवली तर कोणत्या सावधगिरीने, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. या तंत्राचा इतिहास आणि त्याचे प्रत्यक्षातील परिणाम पाहून आम्ही त्याचे परीक्षण करणार आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. तंत्र वाईट नाही. परंतु ते वापरताच नाव तपासण्याची जबाबदारी कंपायलरकडून प्रोग्रॅमरकडे येते, आणि ती आल्याचे बहुधा त्याच्या ध्यानातच येत नाही.

दोन निराळ्या गोष्टी

प्रथम एक गोंधळ दूर करू. आकृती.क्षेत्रफळ() ही ओळ घ्या. 'आकृती' कधी चौकोन असेल, कधी वर्तुळ, कधी त्रिकोण. कोणते सूत्र वापरायचे हे आज्ञावली चालताना ठरते, म्हणून यालाही 'डायनॅमिक' म्हणण्याची प्रथा आहे. पण येथे बदलते ती वस्तू. 'क्षेत्रफळ' हे नाव कायम राहते. सी प्लस प्लसचे कंपायलर सर्वसाधारणपणे अशा नावाचे रूपांतर एका तक्त्यातील अनुक्रमांकात करतात. प्रत्येक प्रकारच्या आकृतीचा आपला तक्ता असतो आणि प्रत्यक्ष चालताना केवळ "तिसऱ्या घरातील काम कर" एवढाच आदेश उरतो. नावाचे काम तोपर्यंत संपलेले असते.

नावाने बोलावण्याच्या तंत्रात याच्या उलट घडते. वस्तू आपल्या हातात असते आणि नाव बदलते. ते वापरकर्त्याने टंकलेले असू शकते, फाइलीतून वाचलेले असू शकते, किंवा "परि" आणि "मिती" असे दोन तुकडे जोडून तयार केलेले असू शकते. हजेरीपटावरून विद्यार्थ्याचे नाव पुकारणे आणि दाराखालून आत सरकवलेल्या चिठ्ठीवरचे नाव पुकारणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. दोन्ही वेळा आवाज शिक्षकाचाच असतो. पण दुसऱ्या वेळी नाव कोणी निवडले हे चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

स्मॉलटॉकची देणगी

या तंत्राचे मूळ शोधताना स्मॉलटॉक भाषेकडे जावे लागते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांनी स्मॉलटॉक-८० वर लिहिलेला ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्मॉलटॉकमध्ये मेथड 'बोलावली' जात नाही; वस्तूला संदेश पाठवला जातो. संदेशाचे नाव घेऊन वस्तू आपल्या क्लासच्या कोशात पाहते. तेथे ते नाव सापडले नाही तर वरच्या क्लासच्या कोशात पाहते, आणि शेवटपर्यंत सापडले नाही तर "समजले नाही" या अर्थाचा एक ठरावीक संदेश स्वतःलाच पाठवते. म्हणजे तेथे प्रत्येक संदेश मुळातच नावाने शोधला जातो. 'परफॉर्म' हा संदेश एवढेच करतो, की ते नाव चलात ठेवण्याची मुभा देतो. स्मॉलटॉक-८० मधील माउसचे बटण दाबल्यावर उघडणारे मेन्यू याच युक्तीवर चालत. एका यादीत पडद्यावर दिसायचे शब्द, दुसरीत त्यांच्या जोडीच्या संदेशांची नावे. वापरकर्त्याने तिसरा शब्द निवडला की दुसऱ्या यादीतील तिसरे नाव उचलायचे आणि ते 'परफॉर्म' करायचे.

येथे एक बारकावा पाहण्याजोगा आहे. स्मॉलटॉकमध्ये संदेशाचे नाव ही साधी अक्षरमाला नसते. 'सिंबल' नावाचा तिचा वेगळा प्रकार आहे आणि तो वेगळ्या चिन्हाने लिहितात. त्यामुळे "हा संदेश कोठून कोठून पाठवला जातो?" असे त्या प्रणालीला विचारले, तर मेन्यूच्या यादीत लिहिलेले नावही ती शोधून देते. नाव चलात गेले, तरी नाव म्हणून त्याची ओळख टिकून राहते. अक्षरमालेपासून सिंबल तयार करता येते हे खरे. पण भाषेची रूढ वाट ती नव्हे.

पुढच्या अनेक भाषांनी 'परफॉर्म'ची सोय घेतली आणि हा बारकावा सोडून दिला. जावात आणि पायथनमध्ये मेथडचे नाव ही एक सामान्य अक्षरमाला आहे, "आज पाऊस पडेल" या वाक्यासारखीच. त्यात मेथडचे नाव आहे हे कोणत्याही साधनाला खात्रीने सांगता येत नाही. आमच्या मते या तंत्राच्या पुढच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ येथे आहे.

न झालेली चाचणी

पहिले दुखणे चाचण्यांच्या क्षेत्रातले आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसून जावासाठी जेयुनिट हे चाचणीचे साधन लिहिले, ही गोष्ट संगणकक्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी आलेल्या जावा १.१ आवृत्तीत 'रिफ्लेक्शन' ही सोय होती. तिच्या साहाय्याने एखाद्या क्लासमध्ये कोणकोणत्या मेथड आहेत हे आज्ञावली चालू असताना विचारता येते आणि त्या नावाने बोलावताही येतात. जेयुनिटने एक साधा संकेत ठरवला. ज्या मेथडचे नाव 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू होते ती चाचणी समजायची. प्रोग्रॅमरने चाचणी लिहावी, साधनाने ती आपोआप शोधून चालवावी. वेगळी यादी ठेवण्याची कटकट नाही.

हा या तंत्राचा अत्यंत योग्य उपयोग होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. साधन लिहिणाऱ्याला वापरणाऱ्यांच्या मेथडची नावे आधी कळणे शक्यच नसते. ती पुढे कधीतरी, दुसऱ्या कोणीतरी लिहायची असतात. अशा ठिकाणी नावाने बोलावण्याखेरीज सोपा उपाय नाही.

पण 'टेस्ट' लिहिताना दोन अक्षरे उलटसुलट झाली तर? कंपायलरची तक्रार नाही, कारण त्या नावाची मेथड असणे हा गुन्हा नाही. साधनाचीही तक्रार नाही, कारण त्या क्लासमधील इतर चाचण्या त्याला सापडतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण, असा निकाल येतो. एक चाचणी झालेलीच नसते. ज्या विद्यार्थ्याचे नावच पटावर नाही, त्याची गैरहजेरीही लागत नाही. पायथनच्या युनिटटेस्ट या साधनात 'टेस्ट' हा उपसर्ग आजही आहे, आणि तेथे आणखी एक खाच आहे. एकाच क्लासमध्ये चुकून एकाच नावाच्या दोन चाचण्या लिहिल्या तर दुसरी पहिलीची जागा घेते, आणि पहिली निमूटपणे नाहीशी होते.

जेयुनिटने हा दोष २००६ मध्ये, चौथ्या आवृत्तीत दूर केला. जावाच्या पाचव्या आवृत्तीत २००४ साली मेथडच्या डोक्यावर खूण लिहिण्याची सोय आली होती. 'अ‍ॅट टेस्ट' ही खूण ज्या मेथडवर असेल ती चाचणी, असा नवा संकेत झाला. मेथड अजूनही चालताना शोधूनच बोलावली जाते. पण खूण लिहिताना अक्षर चुकले तर आता कंपायलर तेथेच अडवतो. बोलावण्याचे तंत्र तेच राहिले आणि तपासणी परत आली. हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे असे आम्हांला वाटते.

वाचणाऱ्याची अडचण

दुसरे दुखणे आज्ञावली वाचणाऱ्याचे आहे. मोठी आज्ञावली लिहिली जाते एकदा, वाचली जाते अनेकदा. 'परिमिती' ही मेथड कोठे वापरली आहे हे पाहण्यासाठी आपण तो शब्द शोधतो. तो कोठेच सापडत नाही, कारण एका ओळीत "परि" आणि "मिती" जोडून तो तयार केलेला असतो. वाचणारा समजतो, मेथड निरुपयोगी आहे, आणि ती काढून टाकतो. कित्येक दिवसांनी, ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा, आज्ञावली बंद पडते.

माणूस फसतो तसे यंत्रही फसते. मोबाइल फोनसाठी आज्ञावली लहान करणारी साधने, उदाहरणार्थ अँड्रॉइडसाठी वापरले जाणारे प्रोगार्ड, न वापरलेल्या मेथड काढून टाकतात आणि उरलेल्यांना एकदोन अक्षरी नावे देतात. अक्षरमालेत दडलेले नाव त्यांना ओळखू येईलच असे नसते. म्हणून "अमुक नावे तशीच ठेवा" अशी यादी प्रोग्रॅमरला वेगळी द्यावी लागते. जी यादी टाळण्यासाठी हे तंत्र वापरले, तीच मागच्या दाराने परत आली.

मराठीत शिकवणाऱ्यांसाठी येथे एक खास उदाहरण आहे. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, आणि तीत मेथडची नावे देवनागरीत लिहिता येतात. 'पायऱ्या' हे नाव घ्या. त्यातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: ऱ हे एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नाव आज्ञावलीच्या ओळीत उघड लिहिले असेल, तर पायथन दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेते आणि काही बिघडत नाही. तेच नाव अक्षरमालेतून 'गेटअ‍ॅटर'ला दिले तर हे एकरूप करणे होत नाही, आणि डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारे नाव 'सापडत नाही' म्हणून परत येते. उघड लिहिलेल्या नावाची भाषा किती काळजी घेते, आणि साध्या मजकुराची किती कमी, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दाखवता येईल.

कुंपण आणि दार

तिसरे दुखणे अधिक गंभीर आहे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीचा एक मुख्य दावा असा, की वस्तूचा अंतर्भाग झाकलेला राहतो. काही मेथड बाहेरच्यांसाठी आणि काही खाजगी. रूबीतील 'सेंड' मात्र खाजगी मेथडही बोलावते. कुंपण पाळणारा 'पब्लिक_सेंड' त्या भाषेत नंतर आला. जावात १९९८ च्या १.२ आवृत्तीपासून रिफ्लेक्शनद्वारे खाजगी भागावरचे कुलूप काढण्याची सोय आहे. अनेक लोकप्रिय साधने तिच्या आधारे जावाच्या स्वतःच्या अंतर्भागात हात घालू लागली. ते कुंपण पुन्हा उभारण्याचे काम २०१७ च्या नवव्या आवृत्तीत सुरू झाले आणि २०२१ च्या सतराव्या आवृत्तीत पक्के झाले. एकदा दिलेली मुभा परत घ्यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

आणि नाव जर परक्या माणसाकडून येत असेल तर? अपाचे स्ट्रट्स-२ हे जावात संकेतस्थळे बांधण्याचे साधन. त्यात 'डायनॅमिक मेथड इन्व्होकेशन' नावाचीच सोय होती. संकेतस्थळाच्या पत्त्यात उद्गारचिन्ह घालून पुढे मेथडचे नाव लिहिले, की सर्व्हरवर ती मेथड चाले. पत्ता कोण लिहितो? जगातील कोणीही. ही सोय धोक्याची आहे हे ओळखून २०१३ मध्ये २.३.१५.२ या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवून दिली जाऊ लागली; ज्याला हवी त्याने ती मुद्दाम चालू करायची. एप्रिल २०१६ मध्ये आणखी मोठी त्रुटी जाहीर झाली. सोय चालू असेल, तर बाहेरून आलेले 'नाव' हे केवळ नाव म्हणून न घेता त्या साधनातील एका छोट्या भाषेतील पदावली म्हणून सोडवले जात होते. नावाच्या जागी पूर्ण आज्ञा लिहून पाठवणारा दूरचा माणूस सर्व्हरवर हवे ते काम करवून घेऊ शकत होता. त्याच वर्षीच्या २.५ आवृत्तीत परवानगीच्या यादीत नसलेली मेथड बोलावू न देण्याचा नियम मूळ व्यवस्थेत घालण्यात आला.

दुसरी बाजू

या तंत्राच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकायला हवे. अ‍ॅलन के यांनी १९९८ मध्ये लिहिले होते, की 'ऑब्जेक्ट' हा शब्द रूढ केल्याचा आपल्याला खेद वाटतो, कारण त्यामुळे लोकांचे लक्ष धाकट्या कल्पनेकडे गेले. मोठी कल्पना संदेशांची आहे. या दृष्टीने पाहिले तर संदेश हा हाताळता येण्याजोगा, साठवता येण्याजोगा, दुसरीकडे धाडता येण्याजोगा असणे हेच या पद्धतीचे बळ ठरते. दूरच्या संगणकावरील वस्तूचा प्रतिनिधी म्हणून वागणारी वस्तू स्मॉलटॉकमध्ये सहज लिहिता येते. तिला कोणताही संदेश 'समजत नाही', आणि न समजलेला प्रत्येक संदेश ती पलीकडे पोहोचवते. हे सौंदर्य आम्हांला मान्य आहे.

आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. नावे आधी माहीत नसतील तेथे हे तंत्र लागते. नावे आधीच माहीत असताना, केवळ 'जर-नाहीतर'ची लांब शिडी टाळण्यासाठी ते वापरणे हा महागडा आळस आहे. त्यासाठी मधला मार्ग उपलब्ध आहे: यादी. एका बाजूला वापरकर्त्याचा शब्द, दुसऱ्या बाजूला अवतरणचिन्हांशिवाय, उघड लिहिलेली मेथड. शिडी जाते, शोध लागतो, आणि यादीबाहेरचा शब्द आपोआप नाकारला जातो. अ‍ॅपलच्या स्विफ्ट भाषेनेही याच दिशेचे पाऊल टाकले. बटण दाबल्यावर कोणती मेथड चालवायची ते २०१४ मध्ये आलेल्या त्या भाषेत आधी अक्षरमालेने सांगावे लागे. मार्च २०१६ च्या २.२ आवृत्तीत 'सिलेक्टर'ची अशी रचना आली, की नाव उघड लिहायचे आणि ते खरोखर आहे का हे कंपायलरने पाहायचे.

वर्गात काय करावे?

अकरावी-बारावीच्या किंवा पदविकेच्या विद्यार्थ्यांना पायथन येत असेल, तर एका तासाचा प्रयोग सुचवतो. 'गणक' नावाचा क्लास लिहायला सांगा. त्यात बेरीज, गुणाकार आणि सर्व_पुसा अशा तीन मेथड असाव्यात. शेवटची साठवलेली सर्व उत्तरे पुसून टाकते. वापरकर्त्याला फक्त पहिल्या दोन वापरू द्यायच्या आहेत. आता "कोणते काम?" असे विचारून आलेला शब्द थेट 'गेटअ‍ॅटर'ला द्यायला सांगा.

मग विद्यार्थ्यांनी जागा बदलून शेजाऱ्याची आज्ञावली चालवावी. कोणी 'बेरिज' असे ऱ्हस्व लिहील आणि आज्ञावली कोसळेल. कोणीतरी चतुर विद्यार्थी 'सर्व_पुसा' लिहील, आणि ती तेही निमूटपणे करील. यानंतर त्याच कामासाठी दोन नोंदींची यादी करायला सांगा आणि तेच शब्द पुन्हा द्यायला सांगा. यादी लिहितानाच मेथडचे नाव मुद्दाम चुकवून पाहा. आज्ञावली ती यादी बनवतानाच अडते, वापरकर्त्याने शब्द देईपर्यंत थांबत नाही.

शेवटी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. हे नाव कोठून आले? ते चुकले तर कोणाला, केव्हा कळेल? आणि आणखी कोणती नावे याच वाटेने आत येऊ शकतात? ज्या विद्यार्थ्याला आपल्या ओळीबद्दल या तिन्हींची उत्तरे देता येतात, त्याने 'सेंड' किंवा 'गेटअ‍ॅटर' खुशाल वापरावे. ज्याला देता येत नाहीत, त्याला गुण देताना त्याची ओळ किती आखूड आहे हे शिक्षकांनी पाहू नये.